मातीच्या कुंभाला विचारायचे तीन प्रश्न : प्राचीन ग्रीक व्यापाराचा मागोवा

लोणच्यासाठी किंवा मुरंब्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या बरणीला उर्दूत आणि दख्खनच्या अनेक घरांत 'मर्तबान' म्हणतात. हा शब्द मूळचा भांड्याचा नव्हे, एका बंदराचा आहे. आजच्या म्यानमारमधील मर्तबान (आताचे मोत्तामा) या बंदरातून हिंदी महासागरात मोठ्या प्रमाणावर रांजण रवाना होत असत, म्हणून रांजणालाच बंदराचे नाव मिळाले. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता यानेही आपल्या प्रवासवर्णनात अशा मर्तबानांचा उल्लेख केला आहे. समुद्रप्रवासासाठी मीठ लावून टिकवलेले आले, मिरी, लिंबू आणि आंबा यांनी भरलेली ही मोठी भांडी त्याला भेट मिळाली होती. गंमत अशी की, मर्तबान म्हणून ओळखले गेलेले बरेचसे रांजण मर्तबानचे नव्हतेच. त्यांपैकी अनेक दक्षिण चीनमधील भट्ट्यांतून निघालेले होते. म्हणजे नाव एका बंदराचे, माती दुसऱ्या देशाची, आतील जिन्नस तिसऱ्या ठिकाणचा आणि वाहून नेणारा तांडेल कदाचित चौथ्याच मुलखातला.

प्राचीन ग्रीक व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांसमोर नेमका हाच पेच गेली शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. ग्रीकांनी व्यापारासाठी वापरलेले दोन कानांचे कुंभ भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र यांच्या किनाऱ्यांवर लाखोंच्या संख्येने सापडतात. या कुंभांच्या आधारे कोणत्या शहराचा माल कोठे गेला, हे ठरवले जाते. परंतु कुंभ कोठे घडला, त्यात काय होते आणि तो कोणी नेला, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले की बाकीच्या दोहोंचे आपोआप मिळते, असे समजणे ही या अभ्यासातील सर्वांत जुनी चूक होय. प्रस्तुत लेखात हे तीन प्रश्न वेगळे करून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कुंभाची घडण

या भांड्याला ग्रीक भाषेत 'अम्फोरेउस' म्हणत. त्याचे जुने रूप 'अम्फिफोरेउस', म्हणजे 'दोन्ही बाजूंनी उचलून न्यायचे ते'. त्याचेच लॅटिन रूप 'अ‍ॅम्फोरा' आज सर्वत्र रूढ आहे. अरुंद तोंड, लांब गळा, गळ्यापासून खांद्यापर्यंत उतरणारे दोन उभे कान, फुगीर पोट आणि खाली निमुळते बूड, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. निमुळत्या बुडामुळे हा कुंभ सपाट जमिनीवर नीट उभा राहत नाही, हे खरे. पण तो घरातल्या फळीवर ठेवण्यासाठी केलेलाच नव्हता. जहाजाच्या तळाशी कुंभांची एक ओळ लावली की दुसऱ्या ओळीतील टोके पहिल्या ओळीच्या खांद्यांमधील खाचांत बसत आणि लाटांच्या हेलकाव्यातही माल घट्ट राहत असे. ओतताना हेच टोक तिसऱ्या मुठीसारखे धरता येई. बऱ्याच प्रकारांत २० ते ३० लिटर माल मावे. काही कुंभ याहून लहान, तर काही मोठे असत.

ही कल्पना मूळ ग्रीकांची नव्हती. आजच्या सीरिया, लेबनॉन आणि पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील कनानी लोक असे कुंभ त्यांच्या कित्येक शतके आधी वापरत होते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजाचे १९८४ ते १९९४ या काळात उत्खनन झाले. त्यात सुमारे दहा टन तांब्यासोबत सुमारे दीडशे कनानी कुंभ मिळाले आणि त्यांतील अनेकांत सुवासिक झाडाची राळ होती. ग्रीकांनी हे भांडे पूर्वेकडून उचलले, आपल्या गरजेप्रमाणे घडवले आणि प्रत्येक शहराने त्याला आपापले रूप दिले.

पहिला प्रश्न : माती कोठली?

कुंभाचे मूळ शोधण्याची पहिली खूण म्हणजे आकार. खिओस बेटाच्या कुंभाचा गळा इ. स. पू. पाचव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत फुगीर होता. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात तो सरळ झाला. या बेटाच्या नाण्यांवर स्फिंक्स या काल्पनिक प्राण्यासमोर एक कुंभ कोरलेला असे आणि कुंभाचा आकार बदलल्यावर नाण्यावरील चित्रही बदलले. म्हणजे या शहराने आपल्या कुंभाला आपल्या नाण्याइतकेच ओळखचिन्ह मानले होते. हा बदल अथेन्सच्या मापांशी जुळवून घेण्यासाठी केला गेला, असे काही विद्वान मानतात, तर काहींना ते मान्य नाही. कोस बेटाच्या कुंभाचा कान दोन गोल दांड्या शेजारी शेजारी जोडल्यासारखा दिसतो. अथेन्सच्या परिसरात आणि युबिया बेटावर घडलेल्या सर्वांत जुन्या तेलाच्या कुंभांच्या गळ्यावर ग्रीक अक्षरांसारखी नक्षी असते, म्हणून त्यांना 'एस-ओ-एस' कुंभ म्हणतात. ते इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांत सीरियाच्या किनाऱ्यावरील अल-मीनापासून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत पोचले होते.

दुसरी खूण म्हणजे शिक्का. इ. स. पू. चौथ्या शतकापासून अनेक शहरांनी ओल्या मातीच्या कानांवर शिक्का मारण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. ऱ्होड्सच्या शिक्क्यांवर त्या वर्षीच्या हेलिओस देवाच्या पुजाऱ्याचे नाव, महिन्याचे नाव आणि कारखानदाराचे नाव येते. सोबत कधी गुलाबाचे फूल, कधी सूर्यदेवाचे मस्तक असते. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिनोपे शहराच्या शिक्क्यांवर 'अस्तिनोमोस' या नगर-अधिकाऱ्याचे नाव दिसते. या शिक्क्यांचा पद्धतशीर उलगडा रशियन संशोधक बोरिस ग्राकोव्ह यांनी १९२९ साली केला. पुजारी वा अधिकारी दरवर्षी बदलत असल्याने त्यांचा क्रम लावता आला, तर प्रत्येक तुकडा स्वतःचे वर्ष सांगू लागतो. म्हणूनच उत्खननात एखाद्या थराचा काळ ठरवण्यासाठी ऱ्होड्सचा एक कानही मोलाचा ठरतो.

या कामाला शास्त्राचे रूप देणाऱ्या विदुषी म्हणजे व्हर्जिनिया ग्रेस (१९०१–१९९४). १९३२ साली त्या अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात दाखल झाल्या. इतरांना फेकण्यालायक वाटणारे मोडके कान त्यांनी गोळा केले, प्रत्येकाचे कार्ड केले, ठसे आणि छायाचित्रे जोडली आणि पुढली अनेक दशके ते काम थांबवले नाही. त्यांच्या संग्रहात जगभरच्या सुमारे दीड लाख शिक्क्यांची नोंद आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियात लुकास बेनाकी यांनी जमवलेल्या शिक्क्यांची संख्याही ६६ हजारांच्या वर जाते. ग्रेस यांनी लावलेला पुजाऱ्यांचा क्रम नंतर सुधारला गेला. जेराल्ड फिंकिएल्श्टाइन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऱ्होड्सच्या अनेक पुजाऱ्यांची वर्षे बदलली. परंतु या दुरुस्तीचा पायाही ग्रेस यांच्या कार्डांनीच घातलेला होता.

तिसरी आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे प्रत्यक्ष माती. खापराचा अतिशय पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मातीत मिसळलेले खडकाचे कण ओळखू येतात. ते कण कोणत्या भागातील भूस्तराशी जुळतात, हे मग तपासता येते. इयन व्हिटब्रेड यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ग्रीक कुंभांची अशी सविस्तर तपासणी केली. जोडीला भट्ट्यांचा शोध सुरू झाला. थासोस बेटावर इव्ह गार्लां यांनी, तर क्निडोसच्या द्वीपकल्पावर झाँ-इव्ह आंपरर आणि नुमान तुना यांनी कुंभांच्या कारखान्यांचे उत्खनन केले. भट्टीजवळ टाकून दिलेली वाकडी, जळकी, फुटकी भांडी हा उगमाचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. कारण बिघडलेला माल कोणी परगावी पाठवत नाही.

या तपासणीतून जुनी लेबले ढासळू लागली. 'कॉरिंथचा ब प्रकार' म्हणून ओळखले जाणारे कुंभ कोर्फू बेटावरही बनत होते, हे तेथील भट्ट्यांवरून दिसून आले. हिएरोतेलेस या कारखानदाराचे कुंभ ऱ्होड्सच्या पद्धतीचे. पण त्याचा कारखाना निघाला तो बेटावर नव्हे, समोरच्या मुख्य भूमीवर, ऱ्होड्सच्या ताब्यातील प्रदेशात. म्हणजे 'ऱ्होड्सचा कुंभ' याचा अर्थ पुष्कळदा 'ऱ्होड्सच्या सत्तेखालील प्रदेशातला कुंभ' एवढाच करावा लागतो.

दुसरा प्रश्न : पोटात काय होते?

कुंभाचे मूळ कळले म्हणजे आतील माल कळला, ही समजूत फार काळ टिकून होती. थासोस, मेंडे आणि खिओस ही मद्यासाठी प्रसिद्ध शहरे. तेव्हा त्यांचे कुंभ म्हणजे मद्याचे कुंभ, असे समीकरण मांडले जाई. त्याला काही आधार होताच. थासोस येथे सापडलेल्या इ. स. पू. पाचव्या शतकाच्या शिलालेखांत मद्याच्या व्यापाराचे कडक नियम आहेत. त्यांपैकी एका नियमानुसार समोरच्या किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यात परदेशी मद्य आणण्यास थासोसच्या जहाजांना मनाई होती. आपल्या मालाची बाजारपेठ राखण्याची ही व्यवस्था होती.

परंतु समुद्रतळाने वेगळी साक्ष दिली. तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील तेक्ताश बुर्नु येथे इ. स. पू. पाचव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात बुडालेल्या एका लहान जहाजाचे उत्खनन १९९९ ते २००१ मध्ये झाले. त्यातील दोनशेहून अधिक कुंभांपैकी बहुतेक एकाच घडणीचे होते. ही घडण पूर्वी सामोस बेटाशी जोडली जाई. पण एरिथ्राइ या शहराच्या नावाची आद्याक्षरे असलेल्या शिक्क्यामुळे तिचे मूळ त्या शहराकडे सरकले. याच जहाजातील काही कुंभांत मद्य नव्हते, पाइन वृक्षाची घट्ट काळी राळ होती. शिवाय कुंभात भरलेल्या गुरांच्या कापलेल्या बरगड्याही मिळाल्या, म्हणजे बहुधा टिकवलेले मांस. मद्याचा म्हणून नोंदला जाणारा कुंभ प्रत्यक्षात डांबराचा किंवा मांसाचा असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

अलीकडे जनुकीय तपासणीने या प्रश्नात भर घातली आहे. खिओसजवळ सुमारे ७० मीटर खोलीवर बुडालेल्या इ. स. पू. चौथ्या शतकातील एका जहाजातून काढलेल्या कुंभाच्या आतील पृष्ठभागावर ऑलिव्ह (जैतून) आणि ओरेगानो या सुगंधी पाल्याचे जनुकीय अंश मिळाले. हा अभ्यास मारिया हान्सन आणि ब्रेंडन फोली यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. २०१२ साली त्यांनी आणि त्यांच्या ग्रीक सहकाऱ्यांनी आणखी नऊ कुंभ तपासले. त्यांत द्राक्ष आणि ऑलिव्हखेरीज विविध सुगंधी वनस्पती, जुनिपर, अक्रोड आणि पिस्त्याच्या कुळातील झाडाचे अंश आढळले. युनानी औषधांत 'मस्तगी रूमी' नावाने ओळखला जाणारा डिंक याच कुळातील झाडापासून मिळतो आणि तो खिओस बेटाचे खास उत्पन्न म्हणून आजही प्रसिद्ध आहे. अर्थात हे अंश मुख्य मालाचे, टिकाऊपणासाठी घातलेल्या पाल्याचे की पूर्वीच्या भरणीचे, हे दरवेळी सांगता येत नाही. मात्र ग्रीक व्यापार म्हणजे मद्य आणि तेल, हे चित्र आता अपुरे ठरले आहे.

शिवाय एकाच कुंभाचा वापर अनेकदा होई. याचा सर्वांत जुना आणि स्पष्ट दाखला हेरोडोटसच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात आहे. ग्रीस आणि फिनिशियातून इजिप्तमध्ये दरवर्षी मद्याचे कुंभ येतात, तरी रिकामा कुंभ तेथे एकही दिसत नाही, याचे त्याला नवल वाटले. कारण त्यानेच सांगितले आहे. रिकामे कुंभ गोळा करून मेम्फिस शहरात पाठवले जात आणि तेथून पाण्याने भरून ते सीरियाकडील निर्जल वाळवंटात नेले जात. उद्या त्या वाळवंटात ग्रीक कुंभाचे तुकडे सापडले आणि 'येथे ग्रीक मद्य पीत असत' असे कोणी लिहिले, तर ते चूक ठरेल. तेथे आलेले होते नाईलचे पाणी.

तिसरा प्रश्न : वाहून नेणारा कोण?

सर्वांत अवघड प्रश्न हाच, कारण व्यापाऱ्याचे नाव मातीत सहसा उरत नाही. सायप्रसजवळ किरेनिया येथे बुडालेल्या छोट्या जहाजाचे उत्खनन १९६८-६९ मध्ये मायकेल कात्झेव्ह यांनी केले. हे जहाज इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बुडाले. त्यात सुमारे चारशे कुंभ होते आणि बहुतेक ऱ्होड्सचे होते. पण उरलेले आणखी अनेक वेगवेगळ्या प्रकारांचे होते. सोबत हजारो बदाम आणि दळणाच्या दगडांचा साठा होता. खाण्यापिण्याची भांडी चार-चारच्या संचात मिळाल्याने जहाजावर चार माणसे असावीत, असा तर्क केला जातो. हे चौघे ऱ्होड्सचे होते की अन्य कोठले, हे कुंभ सांगत नाहीत. ठिकठिकाणी थांबत, थोडे उतरवत आणि थोडे चढवत जाणारे हे जहाज होते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

याच्या उलट टोकाला अलोनिसोस बेटाजवळचे जहाज आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बुडालेल्या या मोठ्या जहाजात मेंडे आणि पेपारेथोस येथील तीन ते चार हजार कुंभ असावेत, असा अंदाज आहे. एल्पिदा हाजिदाकी यांनी १९९२ पासून त्याचे उत्खनन केले आणि २०२० साली ती जागा ग्रीसमधील पहिले समुद्रतळाचे संग्रहालय म्हणून पाणबुड्यांसाठी खुली झाली. जहाज बांधणीचे लाकूड बव्हंशी नाहीसे झाले असले, तरी कुंभांचा ढीग आजही जहाजाच्याच आकारात पडून आहे. एवढी मोठी जहाजे रोमन काळातच आली, ही जुनी समजूत या ढिगाने मोडली.

मायोर्का बेटाजवळ एल सेक येथील इ. स. पू. चौथ्या शतकातील बुडालेल्या जहाजाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. त्यातील कुंभ ग्रीक जगाच्या अनेक भागांतले आणि नक्षीदार प्याले अथेन्सचे. पण त्या भांड्यांवर काही ठिकाणी प्यूनिक लिपीत, म्हणजे कार्थेजकडील लोकांच्या लिपीत, खरडलेली अक्षरे मिळाली. माल ग्रीक, पण त्याचा हिशेब ठेवणाऱ्यांत कार्थेजकडील माणसे होती. उलट दिशेचे उदाहरण खुद्द कॉरिंथ शहरात आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यातील तेथील एका इमारतीत पश्चिमेकडील प्यूनिक कुंभांच्या तुकड्यांचा खच पडला होता आणि सोबत माशांचे खवले होते. मातीच्या तपासणीवरून हे कुंभ जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या परिसरातून आल्याचे दिसून आले. खारवलेला मासा भूमध्य समुद्राच्या एका टोकाहून ग्रीसच्या मध्यवर्ती बाजारात येत होता. तेव्हा 'ग्रीक व्यापार' हा शब्दप्रयोग सोयीचा असला, तरी त्यात फिनिशियन, इजिप्शियन, कार्थेजकर आणि काळ्या समुद्राकाठचे लोक सामील होते.

कागद आणि खापर

व्यापाऱ्यांची माहिती क्वचित लिखित साधनांतून मिळते. डेमॉस्थेनीसच्या नावाने चालत आलेल्या भाषणांत 'लाक्रितोसविरुद्ध' हे इ. स. पू. चौथ्या शतकाच्या मध्यातील एक न्यायालयीन भाषण आहे. त्यात समुद्री कर्जाचा करारच उद्धृत केला आहे. फासेलिस गावच्या दोघा व्यापाऱ्यांनी अथेन्समध्ये ३,००० द्राख्मा कर्ज घेतले. तारण म्हणून मेंडेच्या मद्याचे ३,००० कुंभ काळ्या समुद्राकडे न्यायचे होते. व्याज हजारी २२५ आणि परतीला ठरावीक तारखेपेक्षा उशीर झाल्यास हजारी ३००. जहाज बुडाले तर कर्जही बुडाले, म्हणून व्याज इतके चढे. सावकारांची तक्रार अशी की, कराराप्रमाणे माल भरलाच नाही. जहाजाच्या सुकाणूवाल्याची साक्ष निघाली ती अवघ्या साडेचारशे कुंभांची.

याच खटल्यात पुढे कोस बेटाच्या आंबलेल्या मद्याच्या ऐंशी कुंभांचा उल्लेख येतो. हे कुंभ काळ्या समुद्राच्याच किनाऱ्यावर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, शेतमजुरांसाठी नेले जात होते. वक्ता उपरोधाने विचारतो की, मद्य काळ्या समुद्राकडून आपल्याकडे येते काय? ते तर पेपारेथोस, कोस, थासोस आणि मेंडे येथून तिकडे जाते. आधुनिक उत्खननांत काळ्या समुद्राकाठी याच शहरांचे कुंभ मिळतात, हा कागद आणि खापर यांचा सुंदर मेळ आहे. पण त्याच भाषणातून हेही दिसते की, कुंभ जेथे सापडला तेथे तो थेट उगमस्थानाहून आला असेलच असे नाही. कोसचे ते ऐंशी कुंभ जर वाटेत बुडाले असते, तर आजच्या नकाशावर कोसपासून तेथपर्यंत एक सरळ रेषा ओढली गेली असती आणि त्या शेवटच्या फेरीचा मागमूसही राहिला नसता.

मोजणीतील सावधगिरी

शिक्क्यांची मोजणी करून शहरांच्या व्यापाराची तुलना करण्याचा मोह मोठा असतो. अलेक्झांड्रियात ऱ्होड्सचे शिक्के प्रचंड संख्येने मिळतात, तर इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील अथेन्स आणि डेलॉस येथे क्निडोसचे शिक्के प्रबळ आहेत. यातून व्यापाराचे दोन वेगळे ओघ दिसतात, हे खरे आहे. परंतु ऱ्होड्स आणि क्निडोस येथे सहसा दोन्ही कानांवर शिक्का मारत. खिओस आणि कोसचे पुष्कळ कुंभ बिनशिक्क्याचे जात. शिवाय जुन्या उत्खननांत शिक्का असलेला कान तेवढा जपून ठेवला जाई आणि बाकीचे तुकडे टाकून दिले जात. साहजिकच शिक्का मारणारी शहरे कागदावर मोठी झाली आणि न मारणारी मागे पडली. म्हणून अलीकडील संशोधक काठ, बूड आणि कान यांचे सर्व तुकडे मोजण्याचा आग्रह धरतात. धान्य, कापड, कातडी आणि गुलाम यांचा व्यापार कुंभांतून होत नसे, हेही विसरता येत नाही. खापर टिकले, पोती टिकली नाहीत.

हाच धडा आपल्या भूमीवर

हा सर्व ऊहापोह दूरच्या समुद्रांपुरता मर्यादित नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, शां. भा. देव, झेड. डी. अन्सारी आणि सोफी एऱ्हार्ट यांनी १९६० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तेथे भूमध्य प्रदेशातील कुंभांचे तुकडे मिळाले होते. त्यांतील दुहेरी दांड्यांच्या कानांचे तुकडे पाहिले की कोस बेटाची आठवण येते. सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी २००१ साली या खापरांच्या मातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून इटलीतील कंपानिया प्रदेशाचा, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसराचा संबंध स्पष्ट झाला. कोसचा नावाजलेला आकार इटलीतील कारखानदारांनी उचलला होता. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा खलाशांचा मार्गदर्शक ग्रंथ सांगतो की, भडोच बंदरात मद्य उतरे आणि त्यात इटलीच्या मद्याला अधिक पसंती होती. तो ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिलेला आणि जहाजे सुटत ती इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून. आकार ग्रीक, माती इटलीची, बंदर इजिप्तचे आणि खापर नेवाशाचे. आपले तिन्ही प्रश्न येथे एका तुकड्यात एकत्र आले आहेत.

मात्र भारतात मिळालेल्या सर्वच कुंभांची कथा अशी नाही. अनेक वर्षे येथील निमुळत्या बुडाच्या परदेशी कुंभांना सरसकट 'रोमन' म्हणण्याची प्रथा होती. रोबर्टा टोम्बर यांनी विविध ठिकाणचे संग्रह पुन्हा तपासले आणि २००७ साली दाखवून दिले की, त्यांतील पुष्कळ तुकडे रोमन नव्हतेच. ते इराक आणि दक्षिण इराणकडील बिनकानांचे, लांबट, आतून डांबर लावलेले रांजण होते. त्यांना आज 'टॉर्पेडो' रांजण म्हणतात. त्यांचा काळ सासानी राजवटीपासून इस्लामच्या पहिल्या काही शतकांपर्यंत येतो. गुजरात-महाराष्ट्र सीमेजवळ संजाण येथे २००२ ते २००४ मध्ये झालेल्या उत्खननातही असे तुकडे भरपूर मिळाले.

या एका दुरुस्तीचा परिणाम लहान नाही. एका चुकीच्या लेबलामुळे पश्चिम किनाऱ्याचा आखाती देशांशी चाललेला कित्येक शतकांचा व्यापार रोमच्या खात्यावर जमा झाला होता. बसरा आणि सिराफच्या बाजूने आलेली माणसे, त्यांचा माल आणि त्यांच्याशी व्यवहार करणारे येथील व्यापारी या सर्वांचा पुरावा पेट्यांत पडून होता. फक्त त्यांच्यावर नाव दुसऱ्याचे लिहिलेले होते. आतल्या बाजूचा काळा थर कोणी नीट पाहिला नव्हता.

समारोप

सारांश, मालवाहू कुंभ हे प्राचीन व्यापाराचे अत्यंत विश्वासू साक्षीदार आहेत. परंतु साक्षीदाराला जेवढे ठाऊक आहे, तेवढेच त्याला विचारले पाहिजे. माती उगम सांगते. आतील थर आणि अवशेष माल सांगतात, तोही कधी कधी शेवटचाच. वाहून नेणारा मात्र बहुधा खरडलेल्या चार अक्षरांतून, खलाशांच्या भांड्यांतून किंवा एखाद्या न्यायालयीन भाषणातूनच डोकावतो. या तिन्ही साक्षी वेगवेगळ्या नोंदवून मग त्यांचा मेळ घालणे, हीच या अभ्यासाची रीत असली पाहिजे.

आपल्याकडील संग्रहालयांत आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत जुन्या उत्खननांतील खापरे पेट्यांत भरून ठेवलेली असतात. इतिहासाच्या आणि भाषेच्या तरुण अभ्यासकांनी त्यांच्याकडे वळावे, अशी विनंती करावीशी वाटते. त्या खापरांना फार खर्चाची साधने लगेच लागत नाहीत. सुरुवातीला पेटीवरची जुनी चिठ्ठी बाजूला ठेवून तुकडा उलटा करून पाहिला, आत डांबर आहे की राळ हे तपासले, कानाचा आणि बुडाचा आकार नोंदवला, तरी पुष्कळ आहे. व्हर्जिनिया ग्रेस यांनी १९३२ साली मोडक्या कानांपासून सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याजवळही कार्डे आणि चिकाटी याहून फारसे काही नव्हते.